ट्रायकोडर्मा जिवंत असतानाच शेतकऱ्याच्या हाती पडू द्या

प्रति,
रयत संपर्क केंद्रांचे कृषी अधिकारी
आणि प्राथमिक कृषी पत्तीन (पतपुरवठा) संघांचे अध्यक्ष, संचालक व चिटणीस,
बेळगाव जिल्हा

विषय: भुईमूग, सोयाबीन, करडईच्या बुरशीजन्य रोगांसाठी दिली जाणारी जैविक औषधे मागवणे, साठवणे आणि वाटणे याबाबत

स.न.वि.वि.

खरिपाच्या मालाची मागणी नोंदवताना डीएपी, तणनाशक, बियाणे यांच्या यादीतच ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास आणि रायझोबियम (शेंगवर्गी पिकांच्या मुळांवर गाठी करून नत्र देणारा जिवाणू) हेही लिहिले जाते. एकाच गाडीतून येते, एकाच पत्र्याच्या गोदामात उतरते, थप्पी लागते. पोत्यातला युरिया दोन वर्षांनीही युरियाच राहतो. ट्रायकोडर्माच्या पुड्यात मात्र एका बुरशीचे जिवंत बीजाणू असतात, आणि ते दर आठवड्याला थोडे थोडे मरत असतात. उन्हाळ्यात तापलेल्या गोदामात तर फार वेगाने मरतात. जूनमध्ये पुडा फोडला की आत हिरवट पांढरी शंखजिऱ्याची पूड दिसते, जिवंत आणि मेलेली पूड डोळ्याला सारखीच. शेतकरी ती बियाण्याला लावतो, ऑगस्टमध्ये शेंगांची (भुईमुगाची) झाडे माना टाकतात, आणि 'जैविकात काही दम नाही' असे गावभर होते. दोष औषधाचा नसतो. ते हातात पडले तेव्हाच मेलेले होते, किंवा बियाण्यावर चढताच मारले गेले. या दोन्ही गोष्टी थांबवणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

आधी रोगांचे बोलू, कारण 'मर' या एकाच शब्दात आपल्याकडे चार वेगळे रोग खपतात. भुईमूग उगवून पंधरा-वीस दिवसांत रोप कोमेजले, उपटल्यावर जमिनीलगतचा भाग कुजलेला आणि त्यावर काजळीसारखी काळी भुकटी दिसली, तर ती कंठकुज, ॲस्परजिलस नायजर या बुरशीची. पाऊस ओढ देतो आणि माती तापते तेव्हा ही जास्त. पुढे झाड आऱ्या (जमिनीत शिरून शेंगा धरणारे देठ) सोडते, पानांनी सरी झाकते, तेव्हा बुंध्याशी पांढरी, पंख्यासारखी पसरलेली बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती खोडकुज, स्क्लेरोशियम रॉल्फसी. दमट, उबदार हवा तिला मानवते. हीच बुरशी सोयाबीनलाही बुडातून धरते. सोयाबीनची किंवा सूर्यफुलाची मुळे वाळून साल सहज सुटत असेल आणि सालीखाली कोळशाच्या पुडीसारखे बारीक ठिपके असतील, तर ती मॅक्रोफोमिना या बुरशीची मूळकुज. तिला ताण आणि ऊन हवे, त्यामुळे अथणी, रायबाग भागात ती अधिक नडते. करडईत झाडाच्या एकाच बाजूची पाने आधी पिवळी पडली आणि खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघ निघाली, तर फ्युजॅरियमची मर.

या चौघींचे एक साम्य आहे: त्या मातीत राहतात. स्क्लेरोशियमचे ते मोहरीएवढे दाणे जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. बियाण्याला लावलेले रासायनिक बुरशीनाशक पहिले तीन-चार आठवडे रोपाला सांभाळते, त्यामुळे कंठकुजीला ते उपयोगी पडते. पण खोडकूज येते ती पन्नास-साठ दिवसांनंतर, तोवर बियाण्यावरचे रसायन संपलेले असते. तिथे मुळांबरोबर स्वतः वाढणारी, मातीत टिकणारी वस्तू लागते. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे. ती शत्रू-बुरशीच्या धाग्यांना विळखा घालते, त्यांच्या पेशीभित्ती विरघळवणारी विकरे (एन्झाइम) सोडते आणि आतला अंश खाते. ती दुसऱ्या बुरशीवर अशी जगते हे वाइन्डलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवून दिले. शिवाय मुळाभोवतीची जागा आणि अन्न ती आधी अडवून ठेवते. स्युडोमोनास हा जिवाणू लोह बांधून ठेवतो, त्यामुळे रोगकारक बुरशीला ते मिळत नाही. बॅसिलस हा दुसरा जिवाणू प्रतिजैविके सोडतो, आणि त्याचे बीजाणू उष्णता फार चांगली सोसतात. हा शेवटचा मुद्दा आपल्या गोदामांसाठी महत्त्वाचा आहे, त्याकडे परत येतो.

आता हिशेब. ट्रायकोडर्माच्या भुकटीत ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू असले पाहिजेत, हा नोंदणीचा निकष आहे. भुईमुगाच्या किलोभर दाण्यांना ५ ग्रॅम लावले तर एक कोटी बीजाणू झाले. किलोत साधारण अडीच हजार दाणे धरले तर एका दाण्यावर चार हजार. पूड गोदामात तापून शंभरातला एकच बीजाणू जिवंत उरला, तर दाण्यावर चाळीस राहतात. चाळीस बीजाणूंनी एवढ्या मोठ्या मुळावर पसरून स्क्लेरोशियमशी झुंज द्यायची, ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रमाण दुप्पट करूनही ही तूट भरत नाही.

म्हणून पहिली विनंती मागणीच्या तारखेची. मार्चमध्ये आलेला माल एप्रिल-मे गोदामात काढून जूनमध्ये वाटला जातो, म्हणजे वर्षातले सर्वांत तापलेले दोन महिने त्याने पत्र्याखाली काढलेले असतात. मागणी आधी नोंदवा, पण पुरवठा मेच्या तिसऱ्या आठवड्यात मागा, आणि उत्पादनाची तारीख दोन महिन्यांपेक्षा जुनी नसावी अशी अट मागणीपत्रातच घाला. 'मुदत संपलेली नाही' एवढे पुरेसे नाही. ती मुदत थंड जागेत ठेवलेल्या मालाची असते. गाडी दुपारी उन्हात उभी करून न ठेवता सकाळी उतरवून घ्या. पुडे तणनाशकाच्या किंवा खताच्या थप्पीला लागून नकोत, पत्र्याच्या भिंतीला टेकून नकोत, जमिनीवरही नकोत.

शीतगृह कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. अथणी, कागवाड, रायबागच्या कोरड्या हवेत विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष चांगले काम करतो: विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंचांची पोकळी, पोकळीत वाळू, वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्याने ओली, वर ओल्या गोणपाटाचे झाकण. भर उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी कमी राहते. हवा जितकी कोरडी तितका तो थंड. आत दमटपणा खूप असतो, म्हणून पुडे झाकणाच्या प्लास्टिक डब्यात बंद करूनच ठेवावेत. पुडीत ओल शिरली तर नको त्या बुरशी वाढतात. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस सुरू झाला की हवेतल्या दमटपणामुळे हा कक्ष थंड होत नाही. तिथे संघाच्या कचेरीतली सर्वांत थंड, हवेशीर, कौलारू खोली बरी. आणि जिथे काहीच सोय होत नाही, तिथे बॅसिलस सबटिलिसचा माल मागवावा, कारण तो उष्णतेत टिकतो. स्युडोमोनास त्या बाबतीत सर्वांत नाजूक.

दुसरी विनंती तपासणीची. प्रत्येक लॉटमधून एक पुडा जैविक नियंत्रण प्रयोगशाळेत किंवा धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात मोजणीला पाठवा. बशीत वाढवून मोजायला चार-पाच दिवस लागतात, म्हणजे माल उतरताच पाठवलेल्या नमुन्याचा निकाल वाटपाआधी येऊ शकतो. तो येईपर्यंत केंद्रातच एक साधी चाचणी करता येते. मूठभर ज्वारी रात्रभर भिजवा, अर्धवट शिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या. काचेच्या दोन बरण्यांत एक-एक इंच थर घाला, तोंडाला कापूस लावा आणि कुकरमध्ये अर्धा तास वाफवा. गार झाल्यावर एका बरणीत पुडीची चिमूट टाका, दुसरीत काहीच टाकू नका. दोन्ही सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत पहिल्या बरणीत पांढरी जाळी धरते, पाच-सहा दिवसांत ती गडद हिरवी होते. काहीच उगवले नाही तर तो लॉट मेलेला आहे, वाटू नका, परत करा. मात्र हिरवे उगवले म्हणजे माल उत्तम असे समजू नका: पेनिसिलियम, ॲस्परजिलस याही हिरव्या दिसतात, आणि ग्रॅमला किती जिवंत आहेत ते बरणी सांगत नाही. दुसऱ्या, पुडी न टाकलेल्या बरणीतही बुरशी आली तर वाफवणे कमी पडले. चाचणी पुन्हा करा. ही चाचणी ट्रायकोडर्माचीच आहे, जिवाणूंना ती लागू पडत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत मोठी, आणि ती काउंटरवर घडते. लाल किंवा गुलाबी रंगाचे बियाणे म्हणजे रसायन लावलेले बियाणे. त्याच पिशवीसोबत शेतकऱ्याच्या हातात ट्रायकोडर्माचा पुडा दिला जातो, आणि 'बियाण्याला चोळा' एवढेच सांगितले जाते. बियाण्यावर कार्बेन्डाझिम किंवा थायोफिनेट मिथाइल असेल तर ट्रायकोडर्मा त्यावर टिकतच नाही. ही रसायने तिला सरळ मारतात. थायरमही तिची वाढ दाबते. मेटॅलॅक्झिलचा तिला फारसा त्रास नाही, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम या कीटकनाशकांचाही नाही. म्हणून विक्री करणाऱ्याने पिशवीवर कोणते रसायन छापले आहे ते वाचून सांगावे. रंगीत बियाणे असेल, तर ट्रायकोडर्मा बियाण्याला न लावता शेणखतातून सरीत द्यायला सांगा. घरचे, रसायन न लावलेले बियाणे असेल तेव्हाच बीजप्रक्रिया.

बीजप्रक्रियेत आणखी एक चूक होते, ती पाण्याची. सोयाबीनचे टरफल पातळ असते. पाणी जास्त झाले की ते सुरकुतते, फाटते आणि उगवण पडते. भुईमुगाची लाल साल घासली तरी निघते. दहा किलो बियाण्याला १०० मिली द्रावण पुरते: १०० मिली पाण्यात १० ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करायचा, कारण गरम द्रावणात जिवाणू मरतात. बियाणे प्लास्टिकच्या ताडपत्रीवर सावलीत पसरायचे, द्रावण शिंपडायचे, भुईमुगाला किलोला ५ ग्रॅम आणि सोयाबीनला ८ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा भुरभुरायची, मग दोघांनी ताडपत्रीची चार टोके धरून बियाणे हलक्या हाताने इकडून तिकडे लोळवायचे. हाताने चोळायचे नाही. शेवटी रायझोबियम, दहा किलोला २५० ग्रॅम. हा क्रम उलटा करू नये: कीटकनाशक लावायचे असेल तर ते सर्वांत आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. सावलीत अर्धा तास सुकवून त्याच दिवशी पेरायचे. प्रक्रिया करून ठेवलेले बियाणे पाऊस लांबला म्हणून चार दिवस पोत्यात राहिले, तर प्रक्रिया नव्याने करावी लागते. कुरीच्या (पाभरीच्या) चाड्यात असे बियाणे डीएपीच्या दाण्यांत मिसळले तर खताची क्षारता जिवाणूंना जाळते. खत वेगळ्या नळीतून, बियाण्यापासून दोन इंच बाजूला गेले पाहिजे.

स्युडोमोनास आणि ट्रायकोडर्मा एकाच बियाण्यावर एकत्र लावण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. काही वाण एकमेकांना चालतात, काही एकमेकांना दाबतात. लेबलवर स्पष्ट लिहिले नसेल तर एक बियाण्याला आणि दुसरे मातीत, हा मार्ग बिनधोक.

खोडकुजीच्या रानात खरा भरवसा मातीतल्या वापराचा आहे. एकरी १०० किलो पूर्ण कुजलेले शेणखत, त्यात १० ते २० किलो निंबोळी पेंड आणि २ किलो ट्रायकोडर्मा. सावलीत थर घालत मिसळायचे, ढीग दीड फुटापेक्षा उंच नको, मूठ दाबली की लाडू व्हावा पण पाणी गळू नये इतकीच ओल. वर ओले गोणपाट. प्लास्टिकने गच्च बांधू नये, हवा लागते. दर तीन-चार दिवसांनी उलटायचे आणि ओल राखायची. दहा ते पंधरा दिवसांत ढिगावर पांढुरकी-हिरवी जाळी दिसली की पेरणीच्या वेळी ओलीत, सरीत द्यायचे. इथे सर्वांत जास्त फसगत होते ती ताज्या शेणाने. ताजे शेण कुजताना ढिगाच्या पोटात ५० अंशांवर तापमान जाते, अमोनिया सुटतो, ट्रायकोडर्मा भाजून निघते. उकिरड्यावरचे वरचे खत न घेता तळाचे, काळे, वास नसलेले, भुसभुशीत खत घ्यावे. आणि तयार खत उन्हात, कोरड्या मातीवर टाकून ठेवायचे नाही. वाफसा असताना टाकून लगेच मातीआड करायचे.

उसाच्या खोडव्यानंतर शेंगा किंवा सोयाबीन करणाऱ्यांना वेगळे सांगावे लागेल. अर्धवट कुजलेले पाचट स्क्लेरोशियमला मेजवानी असते. त्यावर ती आधी वाढते आणि मग बुंध्यावर चढते. पेरणीच्या दीड-दोन महिने आधी पाचट बारीक करून, ओलवून त्यावर ट्रायकोडर्मा दिली तर ती पाचट कुजवतेही आणि जागाही अडवते. पाचट पेटवून दिले तर ट्रायकोडर्माला खायलाच काही उरत नाही. कृष्णाकाठच्या पाणी लागून खारवट झालेल्या रानांत मात्र कमी अपेक्षा ठेवावी. ट्रायकोडर्माला किंचित आम्ल ते उदासीन माती मानवते. सामू (पीएच) साडेआठच्या वर गेला की ती रुजत नाही, आधी निचरा आणि सेंद्रिय खत. खानापूरच्या तांबड्या मातीत ती सहज बसते.

याच्या जोडीला दोन बिनखर्ची गोष्टी आपल्या पत्रकांत याव्यात. भुईमुगाला भर लावताना माती बुंध्यावर, पानांवर चढवू नये. मातीखाली दबलेली पाने कुजतात आणि खोडकुजीची सुरुवात तिथूनच होते. आणि ३० ते ३५ दिवसांनी आऱ्या सुटताना एकरी २०० किलो जिप्सम द्यावा. कॅल्शियम मिळालेल्या शेंगेचे टरफल कणखर होते, शेंगकूज कमी होते.

जैविकांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगा, अशी कळकळीची विनंती आहे. सोयाबीनच्या तांबेऱ्याला ट्रायकोडर्मा चालत नाही. तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावरून पानावर येतात. आपल्या जिल्ह्यातले उगार खुर्द हे तांबेऱ्याच्या चाचणीचे ठिकाण म्हणून संशोधकांना माहीत आहे, ते उगाच नव्हे. तिथे उत्तर आहे धारवाडच्या डीएसबी २१ सारख्या प्रतिकारक वाणाचे, आणि वेळेवरच्या फवारणीचे. भुईमुगाच्या टिक्का (पानांवरचे ठिपके) आणि तांबेऱ्यासाठी जीपीबीडी ४ हा वाण आहे. खोडकुजीची पांढरी बुरशी झाडावर दिसू लागल्यावर ट्रायकोडर्माची आळवणी करून (बुंध्याशी द्रावण ओतून) ते झाड वाचत नाही. जैविक औषध आधी द्यायचे असते. त्या वेळी रोगट झाड मुळासकट, आजूबाजूच्या मातीसह पिशवीत काढून जाळावे आणि शेजारच्या झाडांना विद्यापीठाने शिफारस केलेल्या बुरशीनाशकाची आळवणी करावी. हे न सांगता 'सगळ्यावर जैविक' म्हणून माल खपवला, तर पुढच्या वर्षी शेतकरी खऱ्या उपयोगाच्या जागीही तो वापरणार नाही.

करडईसाठी हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने ट्रायकोडर्मा हर्झियानमचा टीएच४डी हा वाण तयार केला आहे, किलोला १० ग्रॅम. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पेऱ्यासाठी अथणी, रायबागच्या केंद्रांनी त्याची मागणी करावी. करडई कमी होत गेली त्याची कारणे अनेक, पण जे अजून पेरतात त्यांच्या रानात तरी मर थांबवता येईल.

खरेदी करताना लेबल पाहा. ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास रोगनियंत्रणासाठी विकायची तर कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदणी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक पुड्यावर असतो. वाणाचे नाव, ग्रॅममागे जिवंत संख्या, उत्पादनाची तारीख, लॉट क्रमांक, हे सगळे हवे. स्युडोमोनाससाठी संख्या ग्रॅमला १० कोटी. फक्त 'मूळशक्ती', 'पीकसंजीवनी' अशा थाटाचे नाव आणि रोग बरा करण्याचा दावा, पण क्रमांक नाही, असा माल संघाने विकू नये.

शेवटचे, भाषेचे. कीटकनाशक नियम १९७१ नुसार पुड्यावरचा आणि सोबतच्या घडीपत्रकावरचा मजकूर हिंदी, इंग्रजी आणि माल जिथे विकला जातो तिथल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत असायला हवा. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगावच्या गावांत वापरणारा बराच शेतकरी मराठीत वाचतो. कन्नड मजकूर आहे तसा राहू द्या, शेजारी मराठी द्या; मागणीपत्रात पुरवठादाराला तसे लिहा. तोवर केंद्राच्या भिंतीवर एक फलक दोन्ही भाषांत लावता येईल. त्यावर पाच ओळी पुरेत: रंगीत बियाण्याला ट्रायकोडर्मा लावू नका, शेणखतातून द्या. दहा किलोला १०० मिलीपेक्षा जास्त पाणी नको. रायझोबियम शेवटी. ताजे शेण नको. पुडा उन्हात ठेवू नका, घरी नेल्यावर पाण्याच्या माठाशेजारी कोरड्या डब्यात ठेवा.

मृगाच्या पेऱ्याआधी पंधरा दिवस शेणखताचे ढीग लागायला हवेत. म्हणजे पुडे शेतकऱ्याच्या हातात मेच्या अखेरीस पडले पाहिजेत. बियाण्याचे वाटप सुरू झाल्यावर मिळालेला पुडा मातीतल्या वापरासाठी उशिराचा ठरतो, म्हणून बियाणे आणि ट्रायकोडर्माचे वाटप एकाच दिवशी ठेवू नका. ट्रायकोडर्मा आधी वाटा.

आपले,
सीमाभागातील तेलबिया उत्पादक आणि पीकसंरक्षणाचे काम करणारे आम्ही काहीजण